ज्याच्यावाचून अडते

सर्व्हर सांभाळणाऱ्या जवळपास प्रत्येक विभागात एक माणूस असा असतो की ज्याच्यावाचून काही चालत नाही. कोणत्या रॅकमधल्या यंत्राला जुनेच फर्मवेअर ठेवावे लागते, कोणता डिस्क कंट्रोलर कधी दगा देतो, नवे यंत्र आले की बायोसमध्ये काय काय बदलल्याशिवाय ते पुढे सरकत नाही, हे सगळे त्याच्या डोक्यात असते. तो रजेवर गेला तरी फोन त्याच्या मागे जातो. बहिणीच्या हळदीला तो मांडवाबाहेर उभा राहून कुणाला तरी कमांड सांगत असतो. ऑफिसात त्याचे कौतुक होते, वर्षअखेरीला बक्षीस मिळते आणि नव्या मुलांसमोर त्याचा आदर्श ठेवला जातो.

मला या कौतुकाविरुद्ध बोलायचे आहे. ही प्रथा अन्यायाची आहे. हा अन्याय त्या माणसावर होतो, त्याच्या हाताखाली शिकू पाहणाऱ्यांवर होतो, आणि ज्यांचे पगार, तिकिटे, दवाखान्यातले अहवाल त्या सर्व्हरवर अवलंबून आहेत अशा अनोळखी लोकांवरही होतो. उपाय नवा नाही आणि महागही नाही. हाताने करतो ते काम स्क्रिप्टमध्ये लिहून काढायचे, ती स्क्रिप्ट सर्वांना वाचता येईल अशा जागी ठेवायची, आणि त्यानंतर ते काम हाताने करणे सोडून द्यायचे. यातली शेवटची पायरी सर्वांत अवघड, कारण तिथे सवय आडवी येते आणि थोडा अहंकारही.

हाताने म्हणजे नेमके काय करावे लागते, ते बाहेरच्या वाचकाला सहसा ठाऊक नसते. नवी मुंबईत ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात मोठमोठी डेटा सेंटर उभी आहेत. अशा एखाद्या ठिकाणी एका खेपेला चाळीस सर्व्हर उतरले असे धरू. खोक्यातून काढून रॅकमध्ये बसवले, वीज आणि नेटवर्कच्या केबली जोडल्या, की झाले असे वाटते. खरे काम तिथून सुरू होते. प्रत्येक सर्व्हरच्या मदरबोर्डवर एक छोटा स्वतंत्र संगणक असतो. मुख्य यंत्र बंद असले तरी तो जागा असतो आणि त्याच्यामार्फत दूर बसून यंत्र चालू-बंद करता येते. एका कंपनीच्या यंत्रात त्याला आयलो म्हणतात, दुसरीच्या यंत्रात आयड्रॅक. त्याला आयपी पत्ता द्यायचा, कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलायचा. मग बायोसमध्ये शिरून बूटचा क्रम ठरवायचा, व्हर्च्युअलायझेशन चालू करायचे, विजेची सेटिंग हवी तशी लावायची. डिस्कची रेड मांडणी करायची, फर्मवेअर ठरलेल्या आवृत्तीवर आणायचे. त्यानंतर ऑपरेटिंग सिस्टम, नेटवर्क पोर्टचे बाँडिंग, घड्याळ, लॉग कुठे पाठवायचे ते. एका यंत्रामागे अशा वीस सेटिंग धरल्या तर चाळीस यंत्रांच्या आठशे होतात. मध्यरात्रीच्या चेंज विंडोत, पंख्यांच्या घरघरीत, ढकलगाडीवरच्या स्क्रीनसमोर उभे राहून एका माणसाने आठशे वेळा अचूक असावे, ही अपेक्षा अमानुष आहे. तरीही आपण ती रोज करतो आणि चुकला की त्याच्याकडून लेखी खुलासा मागतो.

चूक बहुधा लहानच असते. एकोणचाळीस सर्व्हर पूर्ण वेगाच्या सेटिंगवर गेले आणि एक कारखान्यातून आला तसा, वीज वाचवण्याच्या सेटिंगवर राहिला. यंत्र चालत राहते, दिवा हिरवा असतो. महिने उलटल्यावर कुणाचा तरी व्यवहार अधूनमधून रेंगाळू लागतो. ॲप्लिकेशनवाले डेटाबेसवाल्यांकडे आणि डेटाबेसवाले नेटवर्कवाल्यांकडे बोट दाखवत राहतात. पासवर्डची गोष्ट तर याहून वाईट. मदरबोर्डवरच्या त्या छोट्या संगणकाचा मूळ पासवर्ड तसाच राहिला, तर त्यातून शिरणारा ऑपरेटिंग सिस्टमच्याही खालून यंत्राचा ताबा घेतो. वर बसवलेल्या सुरक्षेच्या साधनांना त्याचा पत्ताही लागत नाही. कॅलिफोर्निया राज्याने १ जानेवारी २०२० पासून कायदाच लागू केला की नेटवर्कला जोडता येणाऱ्या उपकरणाचा पासवर्ड प्रत्येक नगाला वेगळा असावा, नाहीतर पहिल्या वापराआधी तो बदलायला लावावा. काही सर्व्हर कंपन्यांना वर्षानुवर्षे चाललेला एकच ठरावीक पासवर्ड तेव्हा बंद करावा लागला.

हाताने केलेल्या कामाची फार मोठी किंमत मोजली गेली ती न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात. नाइट कॅपिटल ही तिथली बडी दलाल कंपनी. १ ऑगस्ट २०१२ पासून न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजची एक नवी योजना सुरू व्हायची होती. तिच्यासाठी नाइटने, बाजारात ऑर्डर पाठवणाऱ्या आपल्या आठ सर्व्हरवर नवा कोड टाकायला घेतला. सात सर्व्हरवर तो गेला, आठव्यावर टाकायचा राहिला. त्या आठव्यावर २००३ पासून वापरात नसलेला एक जुना प्रोग्राम तसाच पडून होता, आणि नव्या कोडसाठी निवडलेली खूण नेमकी त्याच प्रोग्रामला जागी करणारी निघाली. बाजार उघडला आणि पाऊण तासात त्या बिघाडाने १५४ कंपन्यांच्या ३९ कोटींहून अधिक शेअरची उलाढाल घडवली. काय होते आहे ते न कळून तंत्रज्ञांनी उरलेल्या सात सर्व्हरवरचा नवा कोड काढून टाकला, त्यामुळे तिथलाही जुना प्रोग्राम जागा झाला. तोटा ४६ कोटी डॉलरच्या वर गेला. पुढच्या वर्षी नाइट दुसऱ्या कंपनीत विलीन झाली.

अमेरिकेच्या बाजार नियामकाने, सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनने, ऑक्टोबर २०१३ मध्ये नाइटला १ कोटी २० लाख डॉलरचा दंड केला. त्या आदेशातल्या बारीकसारीक नोंदी मला दंडाच्या रकमेपेक्षा महत्त्वाच्या वाटतात. आठव्या सर्व्हरवर कोड गेला की नाही हे दुसऱ्या कुणी तंत्रज्ञाने पाहिले नव्हते. पाहावे असा लेखी नियमही कंपनीत नव्हता. त्या सकाळी बाजार उघडण्याआधी यंत्रणेने आपणहून ९७ ईमेल पाठवले होते, त्यांत त्या जुन्या प्रोग्रामचे नावसुद्धा होते. पण त्यांच्याकडे धोक्याची सूचना म्हणून बघण्याची रीतच नव्हती. आठ यंत्रांवरची फाइल एकसारखी आहे का, हे तपासणारी स्क्रिप्ट काही ओळींत लिहून होते. त्या काही ओळी कुणी लिहिल्या नाहीत. तो तंत्रज्ञ कोण होता हा प्रश्न मला पडत नाही. जगाच्या बाजारात पैसा खेळवणाऱ्या कंपनीने तेवढे काम एका माणसाच्या लक्षात राहण्यावर का सोडले, एवढाच माझा प्रश्न आहे.

साधने नव्हती म्हणावे तर तसेही नाही. मार्क बर्जेस यांनी नॉर्वेत ओस्लोच्या विद्यापीठात असताना १९९३ मध्येच सीएफएंजिन लिहिले. त्यामागचा विचार आजही ताजा आहे: यंत्राला पायऱ्या सांगू नका, शेवटी ते कसे दिसायला हवे ते सांगा. ते आधीच तसे असेल तर हात लावायचा नाही, नसेल तर जेवढे वेगळे आहे तेवढेच बदलायचे. अशी स्क्रिप्ट एकदा चालवा किंवा शंभरदा, निकाल एकच. पुढे २००५ मध्ये पपेट आले, २०१२ मध्ये ॲन्सिबल. पीएक्सईमुळे कोरे यंत्र नेटवर्कवरून बूट होते आणि ऑपरेटिंग सिस्टम माणसाने एकही बटण न दाबता चढते. हे तंत्र गेल्या शतकाच्या अखेरीचे. अगदी बायोस, रेड आणि फर्मवेअर यांनाही आता हात लावावा लागत नाही. वेगवेगळ्या कंपन्यांच्या सर्व्हरना एकाच भाषेत सूचना देता याव्यात म्हणून २०१५ मध्ये रेडफिश नावाचे खुले मानक प्रसिद्ध झाले. म्हणजे चाळीस सर्व्हरची ती रात्र आज एका मजकुराच्या फाइलमध्ये मावते. ती फाइल दिवसाउजेडी लिहिता येते, दोघांनी मिळून वाचता येते, चाचणीच्या एका यंत्रावर आधी चालवून बघता येते, आणि कोणी, कधी, कशासाठी काय बदलले याचा माग तिच्यात राहतो.

तरीही विरोध होतो. तो मला पूर्वीच्या एका विरोधाची आठवण करून देतो. पंडित विष्णु नारायण भातखंडे पेशाने वकील होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी देशभर हिंडून घराण्याघराण्यांतल्या बंदिशी गोळा केल्या, त्या स्वरलिपीत बसवल्या, आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत त्या मराठीत छापल्या गेल्या. त्या काळी कित्येक बंदिशी खाँसाहेबांच्या मुलाला आणि जावयालाच मिळत. शिष्य वर्षानुवर्षे सेवा करी आणि अस्ताई मिळाली तर अंतरा मिळत नसे. भातखंड्यांवर आक्षेप आला की गाणे कागदावर उतरत नाही. तो काही अंशी खराही होता. कागद वाचून कुणी गवई होत नाही. पण कागद नसता तर गरिबाच्या पोराला त्या बंदिशीचे नावही कळले नसते, आणि धनी गेल्यावर चीजही गेली असती. भातखंड्यांनी गवयाची प्रतिष्ठा कमी केली नाही, त्याच्या मुठीतली मिरास तेवढी मोकळी केली.

सर्व्हर रूममधला अनुभवी माणूस तोच आक्षेप घेतो: माझा अनुभव स्क्रिप्टमध्ये उतरणार नाही. सगळा उतरणार नाही हे मान्य. पण त्याच्या दिवसाचा केवढा तरी भाग तीच ती सेटिंग लावण्यात जातो, आणि तो भाग उतरतो. गूगलच्या सर्व्हर सांभाळणाऱ्या अभियंत्यांनी २०१६ मध्ये आपल्या कामाच्या पद्धतीवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात अशा पुन्हापुन्हाच्या हातकामाला मर्यादा घातली आहे: अभियंत्याच्या वेळेच्या निम्म्याहून अधिक वेळ त्यात जाता कामा नये, बाकीचा वेळ ते काम कमी करण्यासाठी किंवा सेवा सुधारण्यासाठी राखलेला असावा. आपल्याकडे किती व्यवस्थापक ही मर्यादा मान्य करतील? पुण्यात हिंजवडीला किंवा मगरपट्ट्यात रात्रपाळीत बसून अमेरिकेतले सर्व्हर सांभाळणाऱ्या मुलांना विचारा. टिकेट, म्हणजे तक्रारीची नोंद, बंद करण्याच्या आकड्यावर त्यांचे मोजमाप होते. तेच टिकेट पुन्हा येऊच नये म्हणून घालवलेला तास कुणाच्या हिशेबात धरला जात नाही.

आता सर्वांत गंभीर हरकत. हाताने केलेली चूक एका यंत्रावर होते, स्क्रिप्टची चूक एका क्षणात हजारावर होते. ही हरकत खरी आहे आणि तिला बगल देणारा माणूस या विषयावर बोलायला नालायक आहे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष फाइल आपोआप जगभर पोचली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख विंडोज यंत्रे कोसळली. आपल्याकडच्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. ते ज्यांनी पाहिले त्यांना स्वयंचलनाची भीती वाटली तर ती समजण्यासारखी आहे. त्याआधी २८ फेब्रुवारी २०१७ रोजी ॲमेझॉनच्या एका अभियंत्याने ठरलेल्या प्लेबुकप्रमाणेच एक कमांड दिली. तिच्यात भरायची एक नोंद चुकली, आणि काढायचे होते त्याहून कितीतरी अधिक सर्व्हर निघाले. एस३ ही साठवणसेवा काही तास आडवी झाली आणि तिच्यावर उभ्या असलेल्या असंख्य वेबसाइट तिच्याबरोबर.

पण त्यानंतर काय केले ते पाहा. ॲमेझॉनने आज्ञा देणाऱ्या माणसावर खापर फोडून विषय संपवला नाही. त्यांनी साधन बदलले: सर्व्हर सावकाश काढले जातील, आणि किमान संख्येच्या खाली नेणारी आज्ञा साधन स्वतःच नाकारेल. क्राउडस्ट्राइकनेही पुढे अशा फाइली टप्प्याटप्प्याने सोडण्याची पद्धत घातली. हातकामाच्या बाबतीत हे शक्यच नसते. थकलेल्या माणसाला ‘पुढच्या वेळी थकू नकोस’ असे सांगून काही सुधारत नाही. स्क्रिप्टमध्ये एकदा घातलेले बंधन मात्र पुढच्या प्रत्येक रात्री, प्रत्येक माणसासाठी लागू राहते. म्हणून माझा आग्रह नुसत्या स्क्रिप्टचा नाही. आधी एका यंत्रावर, मग पाचावर, मग एका रॅकवर. दुसऱ्याने वाचल्याशिवाय चालवायची नाही. मागे फिरण्याची वाट आधी लिहायची. पासवर्ड स्क्रिप्टमध्ये उघडे ठेवायचे नाहीत. एवढी शिस्त नसेल तर स्क्रिप्ट लिहिणारा लोकांच्या जिवाशी खेळतो आहे, असे मी स्पष्ट म्हणेन.

चूक झाल्यावर कसे वागावे याचा एक नमुना गिटलॅब कंपनीने घालून दिला आहे. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिथल्या एका अभियंत्याने, बिघडलेली दुय्यम प्रत नीट करता करता, चुकून मुख्य सर्व्हरवरचाच डेटाबेस पुसला. सुमारे ३०० जीबीतले साडेचार उरले. मग बॅकअप शोधायला गेले तर कळले की रोजचा बॅकअप केव्हाचा अपयशी ठरत होता, आणि अपयशाची सूचना देणारे ईमेलही पोचत नव्हते. सहा तासांपूर्वी हाताने घेतलेली एक प्रत होती म्हणून थोडक्यात निभावले. दुरुस्ती चालू असताना कंपनीने सगळी प्रक्रिया जगाला थेट दाखवली, पुढे सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला, आणि त्यात त्या अभियंत्याचे नाव घातले नाही. का घडू शकले, याची उत्तरे यंत्रणेत शोधली. आपल्याकडच्या बहुतेक आरसीएमध्ये, म्हणजे बिघाडाचे मूळ कारण शोधणाऱ्या अहवालांत, शेवटच्या रकान्यात ‘मानवी चूक’ लिहिले जाते, एखाद्या कंत्राटी मुलाला साइटवरून हटवले जाते, आणि फाइल बंद होते. ती प्रक्रिया होती तशीच पुढच्या मुलाची वाट बघत राहते.

कंत्राटी म्हटले म्हणून पैशाचे बोलले पाहिजे. सर्व्हर सांभाळण्याची अनेक कंत्राटे माणसे मोजून दिली जातात: तीन पाळ्यांत पहिल्या पातळीचे (एल-वन) इतके, दुसऱ्या पातळीचे (एल-टू) इतके, महिन्याचा दर इतका. स्क्रिप्ट लिहून दहा माणसांचे काम सहांवर आणले तर कंत्राटदाराचे बिल घटते. मग तो कशाला लिहील? आणि त्या मुलांनी तरी का लिहावी, जर त्याचे बक्षीस नोकरी जाणे हेच असेल? ‘काम वाचवा’ असा उपदेश त्यांना करण्याआधी हा हिशेब बदलायला हवा. मागणी माणसांच्या संख्येची नको, निकालाची हवी: नवे यंत्र किती वेळात वापरायोग्य होते, किती सेटिंग ठरल्याप्रमाणे आहेत, बिघाड किती वेळात दुरुस्त होतो. आणि कंत्राटात एक कलम न चुकता हवे: या कामासाठी लिहिलेली प्रत्येक स्क्रिप्ट आणि तिचे टिपण हे काम देणाऱ्या संस्थेच्या मालकीचे राहील, आणि कंत्राट संपताना ते चालवून दाखवून हवाली करावे लागेल. सरकारी खात्यांनी, महापालिकांनी, सहकारी बँकांनी हे कलम आजच घालावे. कंत्राटदार बदलला की यंत्रणा आंधळी होते, आणि खर्च जनतेच्या पैशातून होतो.

वाचलेल्या वेळाचे काय करायचे, याचाही जाब व्यवस्थापकाने द्यायला हवा. तो वेळ माणसे कमी करण्यासाठी वापरला तर पुढची स्क्रिप्ट कुणी लिहिणार नाही आणि लिहू नयेही. तो त्या मुलांच्या शिक्षणावर गेला पाहिजे. हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊन डिस्क बदलणारा तालुक्याच्या गावचा डिप्लोमाधारक मुलगा, त्याला यंत्राचा आवाज ओळखू येतो, तो दोनेक महिन्यांत ॲन्सिबलचे प्लेबुक वाचायला आणि वर्षभरात लिहायला शिकू शकतो. फक्त त्याला कुणीतरी दिवसाच्या पाळीत बसायला जागा दिली पाहिजे. इंग्रजीची धास्ती हा अडसर खरा आहे, पण या फाइलींतले इंग्रजी शे-दीडशे शब्दांचे असते. तेवढ्यावरून कुणाला बाद करणे हा निव्वळ अन्याय आहे.

याची सुरुवात कॉलेजात करता येईल. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत आणि तंत्रनिकेतनांत साठ-साठ संगणकांच्या प्रयोगशाळा आहेत. प्रात्यक्षिक परीक्षेआधी प्रयोगशाळा सहायक पेन ड्राइव्ह घेऊन एकेका यंत्रापुढे बसतो आणि ऑपरेटिंग सिस्टम चढवतो; त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर विद्यार्थी नेटवर्क बूटिंगची व्याख्या पाठ करत असतात. दोघांची भेट होत नाही. एक जुना संगणक पीएक्सई सर्व्हर म्हणून पुरतो, लागणारे सॉफ्टवेअर सगळे मोफत आहे, आणि यंत्रे बिघडली तरी त्यांवर कुणाचा पगार अडलेला नाही, म्हणजे चुकायला याहून चांगली जागा नाही. तिसऱ्या वर्षाच्या मुलामुलींनी त्या सहायकाला सोबत घेऊन, त्याचे नाव आपल्या प्रकल्पावर घालून, साठही यंत्रे एका फाइलवरून उभी करावीत आणि ती फाइल पुढच्या वर्गाकडे सोपवावी. याला निधी लागत नाही. विभागप्रमुखांची परवानगी लागते, आणि ती त्यांनी याच सत्रात द्यावी.